सर्व्हर, नग चाळीस

मी सर्व्हर विकत घेतलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या समोरच्या दारातले भूगोलाचे मास्तर अजूनही जिन्यात भेटले की "काय, कसं चाललंय मशीन?" असं विचारतात, आणि त्यांच्या आवाजात चौकशीपेक्षा कीव जास्त असते. ते यंत्र आमच्या जेवणाच्या टेबलावर आठ दिवस होतं आणि तेवढे दिवस आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. यापलीकडे माझा आणि त्याचा संबंध नाही.

झालं असं, की आमचं एक गुंतवणूक मंडळ आहे. नाव भारदस्त, 'मध्यवर्ती गुंतवणूक मंडळ', पण सभासद चारच. चौघंही एकाच खात्यातून निवृत्त झालेले, आणि ते खातं म्हणजे खरेदी खातं. टाचणीपासून ट्रकपर्यंत सरकारला जे जे लागे ते आम्ही विकत घेत होतो. मंडळाचे अध्यक्ष अर्थातच आमचे साहेब. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते खोलीत आले की आम्ही उठून उभे राहतो, आणि माझे गुडघे दुखतात म्हणून अलीकडे ते दारातूनच "बसा, बसा" म्हणत येतात. दुसऱ्या ऑडिटबाई. यांनी उभ्या नोकरीत एकही बिल पहिल्या फेरीत पास केलं नाही. तिसरे टकटकराव, गोदामाचे प्रमुख. समोर येईल ती वस्तू बोटाच्या पेरांनी ठोकून बघायची त्यांना इतकी सवय, की आमच्या जावयाच्या पाठीवरही त्यांनी पहिल्याच भेटीत दोनदा टकटक केली होती. चौथा मी, चिटणीस. 'मंडळ' या नावाने खातं उघडायला शेअर दलालाच्या कचेरीत सतरा कागद मागितले, त्यातले तेरा अस्तित्वातच नव्हते, म्हणून शेअर सगळे माझ्या एकट्याच्या नावावर घेतलेले. तरी कुठलाही व्यवहार अर्ज, टिप्पणी आणि चौघांच्या सह्या झाल्याशिवाय करायचा नाही, असा आमचा ठराव होता.

मंडळाचे सगळे पैसे आम्ही सर्व्हर बनवणाऱ्या एका कंपनीत घातले होते. सर्व्हर म्हणजे पडदा नसलेला, बटणं नसलेला असा एक दणकट संगणक, जो कुठल्यातरी थंडगार हॉलमध्ये बसून बाकीच्या हजारो संगणकांना माहिती पुरवतो. अशी यंत्रं बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या. आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचो. आमचे पैसे थोरलीत होते.

आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा माझ्या बायकोचा होता. ते तिचे ओट्याचे पैसे. आमच्या स्वयंपाकघरातला ओटा बुटका आहे; आधीच्या मालकाने तो कुणाच्या मापाने बांधला होता देव जाणे. ही तेवीस वर्षं त्याच्यावर वाकून स्वयंपाक करते आणि संध्याकाळी कमरेवर हात ठेवून दारात उभी राहते. शिकवण्या घेऊन घेऊन तिने नव्या ओट्याचे पैसे जमवले, आणि मीच शहाणा म्हणालो, "अगं, नुसते पडून काय करायचेत? सहा महिने मंडळात टाक. वाढले तर वर कपाटंही होतील." तिने दिले. देताना एवढंच म्हणाली, "ओट्याचे आहेत हं."

तर कंपनीचे तिमाही नफ्याचे आकडे जाहीर व्हायला अडीच आठवडे होते, आणि गुरुवारच्या सभेत विषय होता: थोरलीत राहायचं, की धाकटीत जायचं, की दोघींना नमस्कार करून बाहेर पडायचं. सभा नेहमीप्रमाणे आमच्या हॉलमध्ये, सकाळी अकराला.

"मागणी बघा, मागणी!" साहेब म्हणाले. "जो तो हॉलच्या हॉल सर्व्हरने भरतोय. थोरलीची विक्री दीडपट झाली. मग निघायचं कशाला?"

"विक्री दीडपट, पण शंभरात उरतात किती?" ऑडिटबाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला. "मागच्या वर्षी पंधरा उरत होते. आता अकरा. धाकटी शेजारी दुकान मांडून बसली की थोरलीला दर पाडावेच लागतात. मला हा आकडा पटत नाही."

"तुम्हाला आजवर कुठला आकडा पटलाय?"

"तुमच्या निवृत्तीची तारीख. ती मी दोनदा तपासली होती."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. टकटकराव तोपर्यंत आमच्या टीपॉयला टकटक करत बसले होते. ते एकदम म्हणाले, "पण माल बघितलाय का कुणी?"

चार महिने आम्ही सर्व्हरवर वाद घालत होतो, भांडत होतो, एकदा तर साहेब चहा न घेता निघून गेले होते, आणि चौघांपैकी एकाने आयुष्यात सर्व्हर बघितला नव्हता. ज्या माणसांनी टाचणीची पेटीसुद्धा नमुना बघितल्याशिवाय घेतली नाही, त्यांनी न बघितलेल्या वस्तूत पैसे घातले होते! साहेबांचे कान लाल झाले. लाज वाटली की त्यांचे कानच लाल होतात.

"चिटणीस," ते म्हणाले, "कंपनीचा अहवाल कंपनीच लिहिते. त्यावर विश्वास ठेवणं हाच मूर्खपणा. कोण काय दराने विकतो, किती सूट देतो, माल कसा आहे, हे आपल्या पद्धतीने काढा. तीन दरपत्रकं मागवा."

"किती नग लिहू?"

"एक-दोन लिहिलेत तर कुणी ढुंकून बघणार नाही. चाळीस लिहा."

मी लिहिलं. चौतीस वर्षं तेच लिहीत होतो, त्यामुळे पेन आपोआप चाललं: दर, दर्जा, सवलत, पुरवठ्याचा कालावधी, नमुन्यासह. खाली मंडळाचा गोल शिक्का. पाकिटं डकवत होतो तेव्हा हिने पत्र वाचलं.

"अहो, चाळीस घेणार आहात तुम्ही?"

"अगं, ही नुसती चौकशी असते. खात्यातून अशा हजारो गेल्या."

"आणि त्या लोकांना कसं कळायचं, की ही नुसतीच आहे?"

"त्यांना अनुभव असतो," मी म्हणालो. आता आठवलं की वाटतं, हिच्या प्रश्नांची उत्तरं मी फार घाईने देतो.

तिसऱ्या एका कंपनीने उत्तरादाखल नुसतं एक रंगीत कॅलेंडर पाठवलं. ते ऑडिटबाईंनी दरपत्रक म्हणून फाइलला लावून घेतलं, कारण तीन ही संख्या पुरी होणं महत्त्वाचं. बाकी दोघींचे फोन दुसऱ्याच दिवशी आले, आणि दोघींनाही मी दोन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी अकराचीच वेळ दिली. यात माझी चूक नव्हती. दरपत्रकं सगळ्यांसमक्ष एकाच वेळी उघडायची, असा नियमच आहे.

थोरलीकडून एक टायवाला तरुण आला आणि त्याच्यामागे नमुन्याचं खोकं घेऊन दोन हमाल. खाली पहारेकऱ्याने वहीत वस्तूचं नाव लिहिल्याशिवाय सोडायचं नाकारलं. सर्व्हर म्हणजे काय, हे तरुणाने त्याला दहा मिनिटं समजावलं, आणि शेवटी पहारेकऱ्याने स्वतःच्या बुद्धीने 'मोठी इस्त्री, एक' असं लिहिलं. लिफ्टवर 'फक्त माणसे' अशी पाटी असल्यामुळे खोकं जिन्याने तीन मजले चढलं. हमाल आमच्या दारात पोचले तेव्हा बोलण्याच्या स्थितीत नव्हते. हिने त्यांना आधी पाणी दिलं.

जेवणाच्या टेबलावर ते ठेवलं. दिसायला लांबट, चपटं, एखाद्या मोठ्या कपाटाचा कप्पा ओढून काढावा तसं. टकटकरावांनी चारी बाजूंनी ठोकून बघितलं. "पत्रा बरा आहे," ते म्हणाले, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"चालू करून दाखवा," साहेब म्हणाले.

तरुणाने बटण दाबलं मात्र, आणि आमच्या हॉलमधून विमान सुटलं. आतले पंखे अशा काही आवाजात फिरायला लागले की टीपॉयवरचा पेपर उडून साहेबांच्या मांडीवर गेला आणि कॅलेंडर फाइलमधून फडफडायला लागलं. मिनिटभरात समोरचे मास्तर दारात.

"पिठाची गिरणी टाकलीत का?"

"सर्व्हर आहे," मी ओरडून सांगितलं.

"घेऊ नका!" तेही ओरडले. "माझ्या साडूने असंच एक झेरॉक्सचं मशीन घेतलं होतं. आता त्याच्यावर कपडे वाळत घालतात! आणि आवाजासाठी खाली गादी घाला!" मग ते निघून गेले आणि स्वतःच्या घरातली एक जुनी गादी घेऊन परत आले. ती गादी अजून आमच्याकडे आहे. परत न्या म्हटलं की "असू दे, असू दे" म्हणतात.

यंत्र बंद केलं तेवढ्यात धाकटीची बाई आली. तिशीची, हसरी, हातात पातळशी बॅग. तिने टायवाल्याकडे बघितलं, टायवाल्याने तिच्याकडे बघितलं, आणि दोघांनी एकमेकांना अशी मान हलवली, की ओळख जुनी असावी.

यानंतर जे झालं ते सांगताना मला अजूनही थोडा अभिमान वाटतो, आणि त्याचीच नंतर लाज वाटते. सहा वर्षांनी आमच्यासमोर पुन्हा दरपत्रकं उघडली गेली. चार म्हाताऱ्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे! ऑडिटबाईंनी पहिल्या पानावरच वाहतूक खर्च दोनदा लावलेला पकडला. टकटकरावांनी एक स्क्रू बोटाने हलवला, काहीच न बोलता लांब सुस्कारा सोडला, आणि टायवाल्याने आपणहून पाच टक्के कमी केले. साहेबांनी त्यांचं ते प्रसिद्ध मौन धरलं. खिडकीबाहेर बघत ते नुसते बसून राहतात आणि समोरचा माणूस घाबरून बोलत सुटतो. त्या मौनात दोघं मिळून बारा टक्के उतरले. माझं काम शेवटचं: मी फक्त फाइल बंद करतो आणि दोरी बांधायला घेतो. दोरीची पहिली गाठ बसायच्या आत टायवाला गॅलरीत जाऊन वरिष्ठांना फोन करून आला. अठ्ठावीस टक्के सूट, पाच वर्षं दुरुस्ती फुकट, बसवून देणं फुकट. धाकटीची बाई म्हणाली, तीस. टायवाला म्हणाला, बत्तीस, आणि रुमालाने मान पुसली. साहेबांचा चेहरा तर लग्नातल्या नवरदेवासारखा फुलला होता. "वा!" ते मला हळूच म्हणाले, "हात अजून गेला नाही आपला."

ही चहाचा ट्रे घेऊन केव्हाची दारात उभी होती. तिने सगळ्यांना चहा दिला, टायवाल्याला बिस्किटं जास्त दिली आणि त्याच्याशेजारी बसली.

"एवढं कमी करून तुम्हाला उरतं काय रे?"

त्याने कपात बघितलं. "खरं सांगू काकू? काही नाही. पण ही ऑर्डर यांच्याकडे गेली तर माझं टार्गेट बुडतं. या तिमाहीत सगळीकडे असंच चाललंय. मोठ्यातल्या मोठ्या गिऱ्हाइकालासुद्धा."

"आमचंही तेच," धाकटीची बाई म्हणाली. "या महिन्यात आम्ही दोघं सहाव्यांदा समोरासमोर बसलोय. चहा मात्र इथेच मिळाला."

हिने मान हलवली. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे विचारलं, "अहो, म्हणजे ही थोरली, जिच्यात आपले पैसे आहेत, तीच ना?"

"हो."

"मग गेला तासभर तुम्ही चौघं कुणाचा नफा कमी करताय?"

ऑडिटबाईंच्या हातातला कप बशीवर वाजला. आमच्याच कंपनीचा नफा आम्हीच, आमच्याच हॉलमध्ये, बत्तीस टक्के सूट काढून आनंदाने कापत होतो, आणि सगळ्या जगात आमच्यासारखी माणसं दुसऱ्या हॉलांमध्ये बसून तेच करत होती. चार महिने ज्याच्यावर वाद चालला होता ते उत्तर टेबलावर पडलेलं होतं, आणि ते उचललं हिने.

मग त्या दोघांना खरं सांगणं भाग होतं. ते मीच सांगितलं, कारण शिक्का माझ्या हातचा होता. चाळीस नको, एकही नको, आम्ही फक्त गुंतवणूकदार आहोत. धाकटीची बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. टायवाला हसला नाही, पण रागावलाही नाही. म्हणाला, "माझ्या वडिलांनी पण असंच पत्र लिहिलं असतं." नमुना मात्र त्याला लगेच परत नेता येईना, त्यांच्या कागदावर 'चाचणी आठ दिवस' असं लिहिलं होतं आणि त्याआधी उचलायला गाडीच येत नव्हती. ही पद्धत आम्हाला चांगली समजली.

ते दोघं गेल्यावर ही म्हणाली, "माझे पैसे मला आज काढून हवेत."

"वहिनी," साहेब म्हणाले, "एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. आणि आपली कार्यपद्धती आहे. अर्ज करा, चिटणीस टिप्पणी लिहितील, पुढच्या गुरुवारी विषय घेऊ."

"आकडे सोमवारी येणार आहेत."

"म्हणून काय पद्धत मोडायची?"

ही कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि मग रिकामे कप गोळा करून आत गेली. आतून नळाचा आवाज आला. मी हॉलमध्ये बसलो होतो तिथून मला तिची वाकलेली पाठ तेवढी दिसत होती. एका बाजूला साहेब, ज्यांच्या शब्दाबाहेर मी चौतीस वर्षांत गेलो नव्हतो. दुसऱ्या बाजूला ती पाठ.

मंडळी गेल्यावर मी चपला घातल्या आणि दलालाच्या कचेरीत गेलो. तिच्या वाट्याचे शेअर विकायचा अर्ज भरला. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा कागदावर सही करत होतो ज्याच्यावर माझ्या सहीच्या वर आणि खाली दुसरी सही नव्हती. अर्जात एक रकाना होता, 'विक्रीचे कारण'. तो भरलाच पाहिजे असं नव्हतं, पण रिकामा रकाना मला बघवत नाही. मी लिहिलं, 'ओटा'. खिडकीतल्या कारकुनाने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि शिक्का मारला.

सोमवारी सकाळी साहेबांचा फोन. "चिटणीस, विक्री विक्रमी! ऐकलंत? विक्रमी!" मी ऐकलं. दुपारी ऑडिटबाईंचा फोन. "शंभरात आठ," त्या म्हणाल्या. "तीव्र स्पर्धा आणि सवलती, असं कारण दिलंय. मी अकरा धरले होते, म्हणजे मीही चुकले." त्यांनी स्वतःची चूक कबूल केल्याची ही पहिलीच नोंद असावी. संध्याकाळपर्यंत थोरलीचा भाव एक पंचमांशाने खाली आला, आणि धाकटीचाही तिच्यामागोमाग. मी हिला सांगितलं. ती म्हणाली, "तो टायवाला मुलगा बिचारा."

गुरुवारी सभेत मला 'कारणे दाखवा' नोटीस मिळाली. टाइप केलेली, जावक क्रमांकासह. मंडळाची मंजुरी न घेता परस्पर विक्री.

"पण साहेब," मी म्हणालो, "निर्णय बरोबर निघाला ना?"

"निघाला. तो चुकीच्या पद्धतीने बरोबर निघाला," साहेब म्हणाले. "आमचे पैसे बुडाले असतील, पण फाइल स्वच्छ आहे." आणि माझ्याकडून शिक्का काढून घेतला. टकटकराव नवे चिटणीस झाले. त्यांनी शिक्का घेण्याआधी ठोकून बघितला. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. त्या शिक्क्याची गादी मी माझ्या खर्चाने आणली होती. निघताना साहेब दारात रेंगाळले. बाकीचे जिना उतरल्याची खात्री करून ते हळूच म्हणाले, "वहिनींना एकदा विचाराल का, आमचे ठेवावेत की काढावेत? खाजगीत." त्यांचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी सर्व्हर गेला आणि त्याच दुपारी मिस्त्री आला. ओट्याचं काम बघून त्याने आकडा सांगितला. माझं तोंड उघडलं. आजवर मी कुणाचा पहिला आकडा मान्य केलेला नाही. पण डोळ्यांसमोर तो टायवाला मान पुसताना आला, आणि मी म्हणालो, "ठीक आहे."

मिस्त्री दचकला. "साहेब, काही तरी बोला. एकदम हो म्हणालात?" मी पुन्हा ठीक आहे म्हणालो. तो अस्वस्थ झाला, हिच्याकडे वळून म्हणाला, "ताई, यांची तब्येत बरी आहे ना?" आणि मग आपणहूनच थोडा खाली आला, तेव्हा कुठे त्याला मोकळं वाटलं.

त्याने हिला भिंतीशी उभं केलं. "ताई, ताठ उभ्या राहा. हात कोपरात वाकवा. हं, असाच." कोपराच्या जरा खाली त्याने पेन्सिलने भिंतीवर रेघ ओढली. मग टेपचं एक टोक जुन्या ओट्यावर ठेवलं, दुसरं रेघेवर.

"सात इंच," तो म्हणाला.

"पुन्हा मोजा," मी म्हणालो.

त्याने पुन्हा मोजलं. सातच. मी ती रेघ बघत राहिलो. टाचणीची जाडी चुकली म्हणून मी ट्रक परत पाठवलेले आहेत. आणि माझ्या घरात, हॉलपासून दहा पावलांवर, ही रोज सात इंच वाकत होती आणि मला त्याचं माप ठाऊक नव्हतं. फार वाईट वाटलं मला. मिस्त्री समोर होता तरी मी बोलून गेलो, "अगं, चुकलंच माझं. पण तू कधी बोलली कशी नाहीस?"

"दर वर्षी बोलले," ती म्हणाली. "तुम्ही दर वेळी लिहून घेतलंत."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी मिस्त्रीला विचारलं, फोडायला कधी सुरुवात करणार? तो म्हणाला, सोमवारी. मी म्हणालो, आत्ता, आणि त्याच्या पिशवीतला हातोडा मीच उचलला.

"अहो, थांबा!" ही ओरडली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. "आधी दूध तरी उचलू द्या."